टीममध्ये टास्क-बोर्ड (कुठलं काम कुठवर आलं ते दाखवणारा फळा) आला तेव्हा... तुमचे अनुभव सांगा

वाळूजवाला
काल कपाट आवरताना एका फिक्श्चरचं, म्हणजे मशीनवर जॉब पक्का धरायच्या साधनाचं, जुनं ड्रॉइंग सापडलं. कोपऱ्यात लाल पेनानं 'रेव्ह सी', म्हणजे ड्रॉइंगची सी रेव्हिजन, सुधारलेली आवृत्ती. पोटात कालवलं बघा. २०१८ ला आम्ही डिझाइनला अकराजण, सगळं काम एक्सेल आणि व्हॉट्सॲपवर. पुढची रेव्ह डी ग्रुपवर टाकली, ती गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गेली आणि टूलरूमनं (फिक्श्चर बनवणारा विभाग) जुन्या सी वरूनच प्लेट मारली. आठ होल चार एमएमनं सरकले. रात्रपाळीच्या मामांनी प्लेट हातात घेऊन नुसतं माझ्याकडं पाहिलं.
मग जिरा आलं, कामांचा बोर्ड ठेवायचं सॉफ्टवेअर. दोन महिने कुणी हात लावला नाही, एक तिकीट, म्हणजे एक काम, बंद करायला नऊ स्टेटस! मॅडमनी खोडून तीन ठेवले: करायचंय, चालूय, झालं. तेव्हापासून मामासुद्धा फोनवर रेव्हिजन बघून मशीन चालू करायचे.

लातूरची_लेक
आम्ही 'अडकलंय' असा चौथा कॉलम केला. आधी उशीर झाला की पोरांनाच बोलणी. आता स्टोअरमधून मटेरियल आलं नाही हे सगळ्यांना दिसतं. लई फरक पडला. बाकी नंतर लिहिते, भाकरी तव्यावर हाय.

गोदाकाठ
असल्या बोर्डाला कानबान म्हणतात, म्हणजे जपानीत पाटी. टोयोटाच्या कारखान्यातली पद्धत, पुढच्याला लागेल तेवढंच मागच्यानं बनवायचं. म्हणून 'चालूय'मध्ये माणशी दोनच कार्डं, म्हणजे कामं, ठेवा, नाहीतर नुसता बोर्ड रंगवून काही होत नाही.

नांदेडी
आम्ही जिराऐवजी तसलंच रेडमाइन घेतलं, फुकट आहे, आपल्याच सर्व्हरवर बसतं. पण बॅकअप रोज घ्या भौ. आमची डिस्क गेली तेव्हा सहा आठवड्यांचं काम पोरांनी आठवून आठवून भरलं.

जालनेकर
जिरा नाव कशावरून?

गोदाकाठ
गोजिरा. गॉडझिलाचं जपानी नाव.

बीडची_माय
मला यातलं कळत नाही, पण वाळूजवाले दादा, माझा पोरगा आयटीआय झालाय, टूलरूमचं शिकायचं म्हणतोय. कुठं पाठवू?

वाळूजवाला
ताई, संभाजीनगरात चिकलठाण्याला इंडो जर्मन टूल रूम आहे, तिथं कोर्सची चौकशी करा. बजाजनगरला माझं घर आहे, येताना त्याला जेवायलाच घेऊन या.

बीडची_माय
हौ, येते. शेंगदाण्याची चटणी आणते.