मदत हवी आहे: फुटबॉल वर्ल्ड कपचं तिकीट रीसेलवर घ्यावं का?

मंडळी, दांडिया बाजार, बडोद्याहून विचारतोय. जूनमध्ये न्यू जर्सीला ताईकडे जाणार आहे. स्टेडियम तिच्या घराजवळच, म्हटलं २०२६च्या वर्ल्ड कपची एखादी साखळी मॅच बघावी. भाव बघून डोळे पांढरे झाले! १९९४ला याच अमेरिकेत तिकिटं २५ डॉलरपासून होती. आता मागणीप्रमाणे दर हलतात. ६० डॉलरची तिकिटं आहेत, पण ती पात्र देशांच्या संघटनांमार्फत त्यांच्या चाहत्यांना. आपण कुठले तिथे! अधिकृत रीसेलवर, म्हणजे लोक घेतलेली तिकिटं परत विकतात तिथे, घेणाऱ्याकडून १५ टक्के कमिशन, विकणाऱ्याकडूनही १५. दलालाचीही एवढी हिंमत होत नाही.

मॅच तोंडावर आली की तिथले भाव उतरतात का? आपलं भारतीय क्रेडिट कार्ड चालतं का, की ताईच्या कार्डावरच घ्यावं? ज्यांनी खरंच घेतलंय त्यांनी सांगा. ‘टीव्हीवर बघ’ हे बाबांनी आधीच सांगितलंय.