मदत हवी आहे: लांबून जाणारा स्कुआ ओळखायचा कसा?

नमस्कार मंडळी. वसंतातल्या स्थलांतरात किनाऱ्यावरून समुद्री पक्षी पाहण्याचं हे माझं दुसरंच वर्ष. वारा समुद्राकडून जमिनीकडे असला की पक्षी किनाऱ्याजवळून जातात हे आता कळलंय, त्यामुळे तसा वारा असला की उजाडायच्या आत जाऊन बसते. सुरय आणि कुरव बऱ्यापैकी ओळखू येतात. अडतं ते स्कुआंपाशी, म्हणजे इतर समुद्री पक्ष्यांकडून भक्ष्य हिसकावून घेणाऱ्या त्या समुद्री पक्ष्यांपाशी.

पोमरिन स्कुआच्या शेपटीची मधली दोन पिसं चमच्यासारखी रुंद आणि पिळलेली असतात, आर्क्टिक स्कुआची टोकदार. जवळून दिसली तर प्रश्नच नाही. पण काल सकाळी पाच स्कुआ ओळीने, पाण्यालगत, खूप लांबून गेले आणि शेपट्या काही दिसल्या नाहीत. छाती भरदार वाटली, पंखांची लय संथ, म्हणून पोमरिनच असावेत असं मन म्हणतं. पण तुलनेला शेजारी दुसरा पक्षी नसेल तर आकारमानावर कितपत विसंबायचं? काहींची ती पिसं तुटलेलीही असतात, तेव्हा तुम्ही आधी काय पाहता?

दुसरं, टेलिस्कोप. माझा २० ते ६० पटींचा आहे. ३० च्या पुढे गेलं की दृश्य अरुंद होतं, ऊन चढल्यावर हवाही थरथरते, आणि पक्षी सापडेपर्यंत निघून जातो. तुम्ही टेलिस्कोप एका जागी रोखून ठेवता, की क्षितिजावरून सावकाश फिरवत राहता?

नोंदवहीत त्या पाचांपुढे सध्या नुसतं 'स्कुआ' लिहिलंय.