हस्ताक्षर, स्वाक्षरी की दस्तुरखुद्द?

अनुवादिनी
जुन्या अमेरिकन पत्रांच्या एका यादीचा मराठी अनुवाद करतेय. त्यात एका सिनेटरने नौदलातल्या तरुण डॉक्टरची शिफारस करणारं, १८४०च्या आसपासचं पत्र आहे. शेरा आहे 'ऑटोग्राफ लेटर साइन्ड'. म्हणजे सगळा मजकूर स्वतः लिहिलेला, सहीही स्वतःची. नुसतं 'लेटर साइन्ड' असतं तर मजकूर कारकुनाचा आणि सही तेवढी साहेबांची. संग्राहकांच्या लेखी हा फरक फार मोठा. मी 'सिनेटरच्या हस्ताक्षरातलं पत्र' असं लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते 'स्वाक्षरी असलेलं पत्र' असं बदललं. त्यांच्या मते हस्ताक्षर म्हणजे सहीच. मग सगळा फरकच पुसला जातो ना?

बोरू
हा हिंदीचा परिणाम. हिंदीत हस्ताक्षर म्हणजे सही, मराठीत अक्षराचं वळण. आपल्याकडे शाळेत हस्ताक्षर स्पर्धा असते तेव्हा मुलं पानभर उतारा लिहून काढतात. पण बँकेच्या फॉर्मवर सहीच्या जागी 'हस्ताक्षर' वाचून वाचून तरुणांच्या मनात तोच अर्थ बसलाय. तुम्ही मागे हटू नका.

मोडीवाचक
नेमका शब्द आपल्याकडे आहेच: दस्तुरखुद्द. पेशवाईतली बहुतेक पत्रं कारकुनांच्या हातची. मजकूर संपला की 'लेखनसीमा' किंवा 'मोर्तब सुद'चा शिक्का. त्यामुळे धन्याने स्वतः चार ओळी लिहिल्या तर ते मुद्दाम नोंदवावं लागे. त्या काळच्या कागदांत 'दस्तूर' म्हणजे लिहिणाऱ्याचा हात.

अनुवादिनी
शब्द सुरेख आहे, पण आजचा वाचक 'दस्तुरखुद्द मंत्री आले' असाच वापर ओळखतो. 'दस्तुरखुद्द सिनेटरचं पत्र' वाचून लेखणी कोणाच्या हातात होती हे त्याला कळेल का?

खाडीकाठ
दस्तूर म्हणजे रीत, रिवाज. पारश्यांच्या धर्मगुरूंनाही दस्तूर म्हणतात. त्यात हात कुठून आला? मला वाटतं दस्तखतातला 'दस्त', म्हणजे हात, लोकांनी इथे जोडला.

मोडीवाचक
कुठूनही आला असो, कागदांवर त्या अर्थाने तो आहे. व्युत्पत्तीवरून वापर खोटा ठरत नाही.

स्वभाषा
मुळात फारसीकडे जायचंच कशाला? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश, म्हणजे कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश, याचसाठी करवून घेतला. 'स्वहस्तलिखित' लिहा, अर्थ आरशासारखा स्वच्छ. आणि शिफारसही फारसीच. तिथे 'अनुशंसा' चालेल.

बोरू
अनुशंसा? तो हिंदी सरकारी कागदांतला शब्द. आमच्या आजीला शिफारस कळत होती, अनुशंसा मला शब्दकोशात पाहावी लागली. फारसी हाकलून हिंदी सरकारी भाषा घरात घेण्यात कसली शुद्धी? 'स्वहस्तलिखित' मात्र मला मान्य आहे.

गलबत
शिफारस की वशिला, हाही प्रश्न आहे. आमच्या गावाकडून मुंबईला गिरणीत कामाला निघालेला माणूस ओळखीच्या जॉबरसाठी, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमासाठी, 'चिठ्ठी' घेऊन जायचा. तिला शिफारसपत्र कोणी म्हणत नसे. अमेरिकेतही तेव्हा सरकारी नोकऱ्या राजकारण्यांच्या शब्दावर मिळत. १८८१मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडणारा गितो हा पद न मिळाल्याने चिडलेला माणूस होता. त्यानंतर १८८३मध्ये पेंडलटन कायदा झाला आणि काही पदांसाठी परीक्षा आली.

मात्र नौदलाच्या डॉक्टरांचं प्रकरण वेगळं, म्हणून मी इथे 'वशिला' म्हणणार नाही. त्यांच्यासाठी १८२८च्याच कायद्याने नौदलातल्या सर्जनांच्या मंडळापुढे परीक्षा सक्तीची केली होती. असिस्टंट सर्जनला पुढे सर्जन व्हायचं तर आधी किमान दोन वर्षं समुद्रावर नोकरी. सिनेटरच्या पत्राने दार उघडेल, पण परीक्षा ज्याची त्यालाच द्यावी लागे. 'शिफारस' हाच शब्द बरोबर.

आपल्याशी नातं सांगायचं तर, एलिशा केंट केन हा पुढे उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांमुळे गाजलेला डॉक्टर असाच तरुणपणी नौदलात शिरला. १८४३मध्ये 'ब्रँडीवाइन' जहाजावरून तो मुंबईला आला होता. केलेब कुशिंग हा राजकारणी चीनशी तह करायला निघाला होता, त्याच्या शिष्टमंडळाबरोबर. केनने इथे घारापुरीची लेणी पाहिली.

दवाखाना
सगळे एक गोष्ट विसरताय. पत्रातल्या 'असिस्टंट सर्जन'चं काय केलंत? 'साहाय्यक शल्यचिकित्सक' केलं असेल तर चूक आहे. नौदलात सर्जन हा हुद्दा आहे. आजही भारतीय नौदलातला डॉक्टर 'सर्जन लेफ्टनंट', 'सर्जन कमांडर' असतो, मग तो बालरोगतज्ज्ञ का असेना. चाकू हातात घेतो की नाही याचा पदाशी संबंध नाही.

अनुवादिनी
मी 'साहाय्यक शल्यविशारद' केलं होतं. बदलते. पण माझा मूळ प्रश्न…

स्वभाषा
दवाखाना, मग 'जिल्हा शल्यचिकित्सक' हे पदनाम महाराष्ट्रात इतकी वर्षं कसं चालतं? सिव्हिल सर्जनचंच ते मराठी. लोकांनी स्वीकारलंच ना?

दवाखाना
कागदावर स्वीकारलं. आमच्या जिल्ह्यात अजून सगळे 'सिव्हिल सर्जन' म्हणतात आणि रुग्णालयाला नुसतं 'सिव्हिल'. वर तिथेही तीच अडचण: त्या पदावरचा माणूस शस्त्रक्रिया करणाराच असतो असं नाही. प्रशासन सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला शल्यचिकित्सक म्हणायचं हे मराठीकरण नव्हे, चुकीचं भाषांतर आहे.

स्वभाषा
इंग्रजी सिव्हिल सर्जनमध्येही तीच चूक आहे की. मग मराठीलाच दोष का?

बोरू
कारण इंग्रजीत तो शब्द जुना होऊन झिजलाय, मूळ अर्थ कोणाला टोचत नाही. मराठीत तो नव्याने घडवला, तेव्हा 'शल्य' डोळ्यासमोर येतंच.

मोडीवाचक
'शल्य'वरून आठवलं, मनातलं शल्य आणि हे शल्य एकच. मूळ अर्थ बाणाचं टोक, काटा. सुश्रुतसंहितेत शरीरात रुतलेली वस्तू काढणं हे शल्यतंत्राचं मुख्य काम…