ई-कोर्टवर नाव टाकलं, केस दिसली, स्थळ कटाप?

गोदाकाठची_आत्या
काल एका काकांनी ‘मराठवाड्यातल्या मुलींच्या आईबापांसाठी’ पोस्ट टाकली. सार एवढंच: स्थळ आलं की ई-कोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयांच्या सरकारी साइटवर, मुलाचं नाव टाका, पाच मिनिटांत कुंडली बाहेर, केस दिसली की स्थळ कटाप. खाली अंगठ्यांचा पाऊस. माझं डोकं तिथंच फिरलं.

काका, स्वतः कधी शोधलंय का? पक्षकाराच्या नावानं शोधायचं तर आधी जिल्हा, मग न्यायालय संकुल, मग वर्ष. वर्ष टाकल्याशिवाय गाडी पुढं सरकत नाही. बीडच्या पोरासाठी बीड, अंबाजोगाई, माजलगाव, केज एकेक उघडायचं, प्रत्येकात वर्षं बदलत बसायचं. पोरगं पुण्यात कंपनीत असेल तर पुणे वेगळं. हायकोर्टाच्या खंडपीठातलं काही असेल तर ती साइटच निराळी. वर ‘ज्ञानेश्वर’ इंग्रजीत कोणत्या कारकुनानं कसं टाइप केलंय ते देव जाणे. आणि सापडलाच ज्ञानेश्वर, तर तो आपलाच कशावरून? आमच्या तालुक्यात त्याच नावाचे, त्याच आडनावाचे कितीतरी निघतील.

समजा आपलाच निघाला. मग? माझ्या भावावर केस आहे. जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडा म्हणून रास्ता रोको केला, जमावबंदी मोडली म्हणून महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 135 लागलं. ठरत आलेलं लग्न मोडलं. समोरच्यांनी एका शब्दानं विचारलं नाही, ‘पत्रिका जुळत नाही’ एवढंच कळवलं. केसचं कुठून कळलं ते मध्यस्थानं नंतर सांगितलं.

बालाघाट_काका
ताई, ती पोस्ट माझीच. तुमच्या भावाचं वाईट वाटलं, पण माझ्या पुतणीचंही ऐका. लातूरकडं दिली. मध्यस्थ नात्यातला, त्यामुळं डोळे झाकून होकार. लग्नानंतर कळलं की पहिली बायको आहे आणि तिची 498-अ, म्हणजे सासरच्या छळाची केस, चालू आहे. पोरगी आता माहेरी बसून आहे. तेव्हा कुणी नाव टाकून बघितलं असतं तर? तुमचं एक लग्न मोडलं, आमच्या पोरीचं आयुष्य मोडलं.

वकील_परभणीकर
काका, बघितलं असतं तरी सापडलं नसतं बहुतेक. तुम्ही लातूरला शोधलं असतं. बाई माहेरी निघून आली तर 498-अ (आता नव्या न्यायसंहितेचं कलम 85) माहेरच्या ठाण्यातही दाखल होते, सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये हे स्पष्ट केलंय. पहिली बायको नांदेडच्या मुखेडकडची असेल तर केस मुखेडला. आणि पहिली बायको आहे हेच माहीत नाही, तर मुखेड कोण उघडणार?

दुसरं, केसपुढं एस.सी.सी., म्हणजे समरी क्रिमिनल केस, दिसलं की लोक दचकतात. त्यात बरेच चेक बाउन्सचे, कलम 138 चे असतात. उलट चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखायची हमी घेण्याची कारवाई, तहसीलदारापुढं चालते, ती ई-कोर्ट्सवर दिसतच नाही. पोलिसांच्या साइटवर एफआयआर टाकायचा आदेश 2016 चा आहे, 24 तासांत टाकायचा, पण लैंगिक गुन्हे, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) यातून वगळलेत. म्हणजे ज्याची आईबापांना खरी भीती, ते तिथं येणारच नाही. माहिती अधिकारात मागाल तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून 8(1)(जे) दाखवतील.

उस्मानाबादी_शेळी
मंग काय, पोहे खायला जाताना वकील संगं न्यायचा का?
आन् मला एक सांगा. इलेक्शनला उभारलेल्यानं फॉर्म 26 मधी, म्हंजी उमेदवारीच्या शपथपत्रात, सगळ्या केसेस लिहून द्यायच्या, पेपरात तीन-तीन बार छापायच्या, असा नियम हाय. छापून येतंय, आपण वाचायलोत, आन् मंग त्याच्याच मिरवणुकीत गुलाल उधळायलोत. पोराची एक केस दिसली की मात्र पोरगी देत न्हाईत. काय बोलायलाव राव तुमी.

भरती_जालना
लग्नाचं सोडा. माझं पोलीस भरतीचं चारित्र्य पडताळणीत अडकलंय. आंदोलनातला गुन्हा आहे. सगळे पुढारी सभेत म्हणतात ‘गुन्हे मागे घेणार’. मग साइटवर ‘प्रलंबित’ कसं काय?

वकील_परभणीकर
सभेत बोलून गुन्हा मागे जात नसतो. सरकारी वकिलानं अर्ज द्यायचा, न्यायालयानं परवानगी द्यायची. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 321, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं 360. आणि फॉर्ममध्ये लपवू नका. क्षुल्लक गुन्हा खरा सांगितला तर नेमणूक करणाऱ्याला विचार करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अवतार सिंग निकालात 2016 लाच आलंय. लपवला तर ते लपवणंच अंगाशी येतं.

बालाघाट_काका
आंदोलन आंदोलन काय लावलंय? मी एसटीत वाहक होतो. माझ्या कपाळावर टाके आहेत, दगड काचेतून आत आला होता. गाडीत बाळंतीण होती. ती एसटी कुणाच्या पैशाची? अशांना भरतीत घेऊन आमच्याच रक्षणाला ठेवायचं?

गोदाकाठची_आत्या
माझ्या भावानं काच फोडली नाही. बैलगाडी आडवी लावून बसला होता.

बालाघाट_काका
सगळेच बसलेले असतात. मग दगड कोण मारतं, बैल?

गोदाकाठची_आत्या
वयाचा मान ठेवते म्हणून गप्प बसते. साइटवर 135 आहे, मालमत्तेच्या नुकसानीचं एकही कलम नाही. कलम वाचा ना, नुसतं नाव का वाचता? हेच तर सकाळपासून सांगायलेय.

भरती_जालना
काका, माझ्यावर दगडाचं कलम लागलंय आणि मी त्या दिवशी दवाखान्यात होतो. यादीत नाव घातलं कुणीतरी. आता बोला.

कन्नडची_सून
भांडणं होऊ द्या, पण सोपा रस्ता कुणीच सांगेना. माझ्या लग्नात मी सरळ म्हटलं, पोलिसांच्या साइटवर चारित्र्य प्रमाणपत्राचा अर्ज करा आणि कागद दाखवा. अर्ज ज्याचा त्यालाच करता येतो, म्हणून मागायचं त्याच्याकडंच. नवऱ्यानं हसत केला, वर माझंही मागितलं, मीही दिलं. सासरे अजून टोमणे मारतात, ‘सून पोलीस पाटील आणली’. मारू द्या.

उस्मानाबादी_शेळी
आमच्याकडं आसं मागितलं तर पावनं चहा बी पिणार न्हाईत.

बालाघाट_काका
बरं बाबा, ‘कटाप’ काढतो पोस्टमधून, सगळ्यांचा जीव थंड होऊ द्या. आता असं वाचा: केस दिसली तर तिचा 16 अक्षरी सी.एन.आर. नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, उतरवा, त्यावर कलमं आणि पुढची तारीख बघा, शंका असेल तर नकलेचा अर्ज करा, मग मुलाला तोंडावर विचारा. झालं समाधान? पण एसटी फोडणाऱ्याला पोरगी द्यायची नाही, यावर मी ठाम आहे.

उस्मानाबादी_शेळी
काका, तुमाला पोरगी हाय का पण?

बालाघाट_काका
नाही. दोन पोरं आहेत. थोरल्यासाठी स्थळं बघायलोय. त्याच्यावर 138 आहे, ट्रॅक्टरच्या हप्त्याचा चेक.

वकील_परभणीकर
138 तडजोडपात्र आहे. येत्या लोकअदालतीत ठेवा, मग बायोडाटा फिरवा.