मार्शल ब्रेव्हस्टार: एकटा पुरला म्हणे, पण कुणाला?

तीन_सूर्य (धागाकर्ता)

ऐंशीच्या दशकातली अमेरिकन कार्टून्स शोधून शोधून बघायचा सध्या नाद लागलाय. बहुतेक आता दहा मिनिटांवर सहन होत नाहीत, शीर्षकगीत भारी आणि पुढे सगळा आनंदीआनंद. पण 'ब्रेव्हस्टार' लावलं आणि एकामागून एक भाग बघतच गेलो, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: ही-मॅनवाल्या फिल्मेशन कंपनीचीच मालिका, 1987 च्या सप्टेंबरात सुरू झाली, एकूण 65 भाग. न्यू टेक्सास नावाचा ग्रह, आकाशात तीन सूर्य, खाली नुसतं वाळवंट, आणि जमिनीत केरियम नावाचं महागडं खनिज. खनिज म्हटल्यावर खाणवाले आले, त्यांच्या मागून दरोडेखोर आले, आणि त्यांना आवरायला आला मार्शल ब्रेव्हस्टार, जो नेटिव्ह अमेरिकन आहे. ससाण्याची नजर, लांडग्याचे कान, अस्वलाची ताकद, प्यूमाचा वेग, लागेल तसं एकेक बोलवायचं. जोडीला थर्टी-थर्टी नावाचा घोडा जो दोन पायांवर उभा राहून सारा जेन नावाची अगडबंब बंदूक चालवतो, आणि त्या बंदुकीचं त्याला माणसांपेक्षा जास्त कौतुक. सुरुवातीच्या निवेदनाचा भावार्थ असा की ग्रहाला कायदेवाल्यांची पलटण हवी होती, मिळाला एकच, आणि तो पुरला.

माझं म्हणणं सरळ आहे. त्या काळातल्या सगळ्या कार्टून हिरोंमध्ये कायद्याचा माणूस म्हणून शोभतो तो हाच. घोड्याला सारखं वाटतं की आधी उडवू आणि मग विचारू, मार्शल त्याला आवरतो, आधी बोलतो, समोरच्याला मागे फिरायची संधी देतो, बंदूक सगळ्यात शेवटी. आणि 'द प्राइस' नावाचा भाग तर जरूर बघा. जे नावाचा एक शाळकरी मुलगा स्पिन नावाच्या नशेच्या नादी लागतो, मित्राला माहीत असतं पण तो बोलत नाही, आणि मुलगा मरतो. खरंच मरतो, शेवटच्या मिनिटाला डोळे बिळे उघडत नाही. चारही प्राण्यांच्या शक्ती असलेला मार्शल नुसता उभा राहतो. दुपारी शाळेतून आलेल्या पोरांसाठीच्या कार्टूनमध्ये हे दाखवायला छाती लागते राव.

खडूस_खारी

छाती नाही, खेळणी लागतात. तुमच्या मार्शलची मॅटेलची खेळणी मालिका यायच्या आधीच दुकानात लागली होती. 1984 मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे टीव्हीवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेने, मुलांच्या टीव्हीवरच्या जाहिरातींचे नियम सैल केले आणि त्यानंतर कार्टूनच्या नावाखाली अर्ध्या अर्ध्या तासाच्या जाहिरातींचा पूर आला, त्या पुरातलंच हे एक ओंडकं. 1990 मध्ये त्यांना परत कायदा करून लगाम घालावा लागला.

आणि तो बंदूक चालवत नाही याचं एवढं कौतुक कशाला? तेव्हा चॅनेलवाल्यांच्या अटीच तशा होत्या. ही-मॅन एवढी मोठी तलवार घेऊन फिरतो, कुणा जिवंत माणसावर चालवतो का कधी? दगड फोडतो, यंत्रं कापतो. तुमच्या मार्शलचा संयम हा सेन्सॉरचा संयम आहे, स्वभावाचा नाही.

तीन_सूर्य

अट होती हे मान्य, पण ही-मॅनमध्ये त्या अटीवर कुणी चकार शब्द काढत नाही. तलवार आहे, चालवत नाही, का ते विचारू नका. इथे लेखकांनी ती अटच गोष्टीत ओढून आणली. घोड्याला बंदूकप्रेमी केला आणि दोघांचं दर दोन भागांनी त्यावरूनच वाजतं. बंधन सगळ्यांवर होतं, त्याचं काय केलं हे बघा ना. आणि मेलेल्या मुलाची कुठली बाहुली विकली हो मॅटेलने?

निवांत_नाना

अवांतर: फिल्मेशनला ओंडकं वगैरे म्हणू नका हो. बाकीचे बहुतेक सगळे काम परदेशात देत होते तेव्हा कंपनीचा संस्थापक लू शायमर हट्टाने लॉस एंजलिस भागातल्या स्टुडिओतच चित्रं काढून घेत होता. म्हणून तर तेच तेच पळणं, तीच तीच वळून बघायची पोझ दर भागात परत वापरलेली दिसते, पैसे वाचवायचे तर कुठेतरी काटकसर करायलाच हवी. ब्रेव्हस्टार ही त्यांची शेवटची पूर्ण झालेली मालिका. कंपनी विकायच्या गडबडीत फेब्रुवारी 1989 मध्ये स्टुडिओच बंद केला.

आणि टेक्स हेक्सचं डिझाइन बघा एकदा, जांभळ्या कातडीचा सांगाडा, लांब केस, डोक्यावर हॅट. असा देखणा खलनायक आत्ताच्या कॉम्प्युटरवाल्यांनाही जमत नाही.

माळावरची

खलनायक देखणा आहेच, पण मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही अजून. कायदा कुणाचा?

त्या ग्रहावर आधीपासून राहणारे लोक आहेत, प्रेअरी पीपल. जमिनीखाली बिळं करून राहणारी बुटकी केसाळ मंडळी, खोदकामात आणि यंत्रात हुशार. केरियम त्यांच्याच पायाखाली. वरून माणसं आली, खाणी काढल्या, गावाचं नावसुद्धा खनिजावरून ठेवलं, फोर्ट केरियम. फोर्ट! म्हणजे किल्ला कुणापासून वाचायला बांधला होता? मग माणसांचं आपसात वाजलं तेव्हा मार्शल आला. आणि त्या मूळ रहिवाशांना काय मिळालं तर फझ नावाचा एक डेप्युटी, जो धडपडतो, चिरक्या आवाजात बोलतो आणि पोरांना हसवतो.

आता यात नेटिव्ह अमेरिकन माणूस कुठे उभा केलाय बघा. ज्याच्या पूर्वजांचं टेक्सास असंच गेलं, तोच न्यू टेक्सासवर बिल्ला लावून खाणवाल्यांच्या मालाची राखण करतोय, आणि मूळचे लोक विनोदाला. 65 भागात एकदा तरी त्याने विचारलं का, की हे केरियम नक्की कुणाचं?

बंड्या_ऑन_ड्यूटी

ताई, कार्टून आहे ते. लहान मुलांनी आता सातबारा पण बघायचा का?

माळावरची

बंड्या, मुलांना नशेने मेलेला मुलगा झेपतो असं वर धागाकर्ते म्हणतायत, मग सातबाराही झेपेल.

आणि हे मी हवेत बोलत नाहीये. खरी गोष्ट याहून वाईट आहे. 1878 मध्ये अमेरिकन काँग्रेसने नेटिव्ह वस्त्यांवर त्यांच्यातल्याच माणसांचं पोलीसदल उभं करायला पैसे मंजूर केले. साध्या शिपायाला महिन्याला 5 डॉलर. हुकूम कुणाचा, तर सरकारने वस्तीवर नेमलेल्या गोऱ्या एजंटचा. 1883 मध्ये त्यांच्यासाठी वेगळी न्यायालयं आणि नियम काढले, त्यात सन डान्ससारखे विधी गुन्हा ठरले, वैदूंच्या मंत्रोपचारांवर शिक्षा. म्हणजे त्या पोलिसांनी आपल्याच म्हाताऱ्या शामनांना पकडायचं. आणि 15 डिसेंबर 1890 ला स्टँडिंग रॉक नावाच्या वस्तीवर लाकोटा लोकांचा पुढारी सिटिंग बुल याला अटक करायला पहाटे त्याच्या घरी गेले ते असेच बिल्लेवाले, त्याच्याच लोकांतले. झटापटीत सिटिंग बुल मेला, त्याचा मुलगा मेला, पोलीसही मेले. एजंट आपल्या ऑफिसात सुखरूप.

आता कार्टून बघा. तिथे शामन डोंगरावर बसून मार्शलला सल्ला देतो, कायदा आणि शामन एकाच बाजूला. किती गोड. इतिहासात बिल्लेवाल्याला शामनच्या दारात हातकड्या घेऊन पाठवत होते.

खडूस_खारी

घ्या. मी नुसतं खेळण्यांवर बोलत होतो, यांनी तर भूसंपादनच काढलं. पण मुद्दा पटला. तो प्राण्यांच्या शक्तींचा प्रकारही त्यातलाच, नेटिव्ह म्हटला की ससाणा आणि लांडगा पाहिजेच, गोरा हिरो असता तर जेटपॅक दिला असता. आणि आवाज कुणाचा, तर पॅट फ्रेलीचा, तो काही नेटिव्ह नाही.

तीन_सूर्य

आवाजाचं मान्य, 1987 मध्ये तो विचार कुणी करत नव्हतं. पण इतिहास अर्धाच आणलात ताई, बिल्लेवाले सगळे एजंटचे गडी नव्हते. आजचं ओक्लाहोमा तेव्हा इंडियन टेरिटरी होतं, तिथे चेरोकी, क्रीक वगैरे नेटिव्ह राष्ट्रांची स्वतःची पोलीस होती, लाइटहॉर्स म्हणायचे त्यांना, स्वतःचे कायदे, स्वतःची कोर्टं. अडचण अशी की त्यांच्या कोर्टाला गोऱ्या माणसावर हात टाकता येत नव्हता, त्यामुळे टेक्सास, अर्कान्सासमधले सगळे फरारी तिकडे येऊन बसले आणि त्याचा त्रास कुणाला झाला तर तिथल्याच लोकांना. सॅम सिक्सकिलर बघा, चेरोकी माणूस, मस्कोगीला पोलिसांचा कॅप्टन, दारूवाले आणि घोडेचोरांच्या मागे असायचा, 1886 च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याला भर गावात गोळ्या घातल्या. किंवा बास रीव्ह्ज, जन्माने गुलाम, 1875 मध्ये डेप्युटी मार्शल झाला आणि 1907 पर्यंत त्याच टेरिटरीत फिरला. पोटच्या पोराने स्वतःच्या बायकोचा खून केला तेव्हा त्यालाही यानेच पकडून आणलं.

आणि मजा बघा, ही अडचण कार्टून आलं तेव्हाही संपलेली नव्हती. 1978 मध्येच अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ऑलिफंट खटल्यात निकाल दिला होता की नेटिव्ह राष्ट्रांच्या कोर्टांना बाहेरच्या माणसावर फौजदारी खटला चालवता येणार नाही. म्हणजे 1987 मध्ये एखाद्या वस्तीवरचा पोरगा टीव्हीपुढे बसलाय, त्याच्या खऱ्या गावात बाहेरचा कुणी येऊन मारहाण करून गेला तर गावचं कोर्ट त्याला हात लावू शकत नाही, आणि पडद्यावर त्याच्यासारखा दिसणारा माणूस टेक्स हेक्सची गचांडी धरून जज्जबाईंसमोर उभा करतोय. या पोराच्या डोळ्याने एकदा बघा की ब्रेव्हस्टार. केरियमचा सातबारा कुणाचा हा प्रश्न मला बिनमहत्त्वाचा वाटत नाही, पण आधी दारात आलेल्या गुंडाला धरणारा कुणीतरी आपल्यातला आहे, हे दिसणं छोटी गोष्ट नाही.

माळावरची

ऑलिफंटचा मुद्दा जोरदार आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. कारण ब्रेव्हस्टार हा गावाने नेमलेला लाइटहॉर्सवाला नाहीच. शीर्षकगीतच सांगतं की तो दुरून आलाय. वरच्या कुठल्यातरी सरकारने पाठवलेला मार्शल आहे, त्याचे अधिकार वरून आलेत, आणि म्हणूनच तो टेक्स हेक्सला धरू शकतो. प्रेअरी पीपलच्या कोर्टात टेक्स हेक्सला उभा केलेला एक भाग दाखवा. त्यांचं कोर्टच नाही! कायदा करणारी माणसं, मोडणारी माणसं, मध्ये मार्शल, आणि ज्यांचा ग्रह ते फक्त साक्षीला नाहीतर ओलीस धरायला. सिक्सकिलरचं म्हणाल तर त्याचा आदर आहेच, पण ज्या चेरोकी राष्ट्रासाठी तो राबला त्याची कोर्टं 1898 मध्ये काँग्रेसने कायदा करून बंद केली आणि 1907 मध्ये टेरिटरीचं ओक्लाहोमा राज्य करून टाकलं. चांगल्या पोलिसाने जमीन वाचत नाही.

तीन_सूर्य

जमीन वाचवायला पोलीस नेमतच नाहीत ना! ते कोर्टाचं आणि राजकारणाचं काम. पोलिसाकडून आज रात्री कुणी मरू नये एवढीच अपेक्षा. आणि 'द प्राइस'मध्ये त्याला तेवढंही जमत नाही आणि मालिका ते लपवत नाही, म्हणून तर मी पहिल्यापासून त्या भागाला धरून बसलोय.

बंड्या_ऑन_ड्यूटी

'द प्राइस' आत्ता जेवताना बघितला. घास अडकला राव. पण एक सांगू का, ज्याच्या त्याच्या तोंडी तेव्हा राष्ट्राध्यक्षांची बायको नॅन्सी रेगन हिचं नशेविरुद्धचं 'नाही म्हणा' होतं, त्याच लाटेतला भाग आहे हा. पोराने नाही म्हणायला हवं होतं, मित्राने सांगायला हवं होतं, बस. एवढ्या खाणीच्या गावात शाळकरी पोरं नशेकडे का वळतायत हे विचारायला कुणाला वेळ नाही. ताईंचा आजार मलापण लागला बहुतेक.

निवांत_नाना

कुणी जज्जबाईंवर बोललंच नाही? जे. बी. मॅकब्राइड, गावची न्यायाधीश, हातात हातोडा, आणि मार्शलशी उघड उघड गुफ्तगू. पकडणारा आणि निकाल देणारी एकाच घोड्यावरून फिरायला जातात, आरोपीच्या वकिलाने पहिल्याच तारखेला खटला उडवला असता. बाकी स्त्री न्यायाधीश दाखवली हे मात्र 1987 च्या मानाने छान, आणि बाई निकालात मार्शलचंही ऐकून घेत नाही कधी कधी.

ज्यांना 65 भाग झेपणार नाहीत त्यांनी 1988 चा सिनेमा बघा. त्यात टेक्स हेक्स आधी साधा खनिज शोधणारा होता, हावरटपणापायी स्टॅम्पीड नावाच्या राक्षसाच्या तावडीत कसा गेला ते आहे, आणि घोडा-मार्शलची पहिली मारामारी आहे. चित्रकामही मालिकेपेक्षा पुष्कळ वरचं.

खडूस_खारी

म्हणजे खलनायक झाला तो केरियमच्या हावेपायी. मग हावरटपणा वाईट हे मालिकेला माहीत आहे, फक्त परवाना असलेला हावरटपणा चालतो. माळावरची, तुमचा मुद्दा त्यांच्याच सिनेमाने सिद्ध केला.

तीन_सूर्य

परवाना असलेली खाण आणि गाव जाळणारा दरोडेखोर यात फरकच नाही म्हणायचं असेल तर मग बोलणंच खुंटलं. मला फरक दिसतो. बरं, माळावरची, तुमच्या मते काय करायला हवं होतं लेखकांनी? मार्शलने राजीनामा द्यायचा?

माळावरची

काही नाही, फझला मार्शल करायचा आणि ब्रेव्हस्टारने त्याचा डेप्युटी व्हायचं. ससाण्याची नजर तशीच ठेवा, घोडा ठेवा, टेक्स हेक्स ठेवा. फक्त हुकूम खालून येऊ दे.

तीन_सूर्य

फझ मार्शल? पहिल्याच दिवशी बिल्ला हरवून बसेल तो!

माळावरची

हरवू दे. जमीन त्याचीच आहे, खणून काढेल.