तेलविहिरींचे पाणी आणि अस्तराची तळी: दुसरा थर कशासाठी?

सटाणेकर
मूळचा नाशिक जिल्ह्यातला असल्याने शेततळ्यांच्या अस्तरीकरणाशी माझा जवळचा संबंध आहे. सध्या अमेरिकेत, न्यू मेक्सिकोच्या पर्मियन खोऱ्यात, तेल आणि वायूच्या विहिरींतून निघणारे पाणी साठवण्यासाठी बांधल्या जाणाऱ्या एका तळ्यावर काम करतो. शेततळ्यात आपण ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद पसरतो. येथे त्याच्या तिप्पट, म्हणजे दीड मिलिमीटर जाडीचे एचडीपीई (जास्त घनतेचे पॉलिथिलीन प्लास्टिक) आहे आणि तेही दुहेरी. एवढ्या जाड अस्तराखाली पुन्हा दुसरा थर का लागतो, आणि दोन थरांमधली जागा स्वच्छ ठेवण्यावर निरीक्षकांचा एवढा कटाक्ष का असतो, हे जाणकारांनी कृपया समजावून द्यावे.

भूजल
शेततळे गळले तर साठवलेले पाणी जाते, येथे गळले तर जमिनीखालचे पाणी नासते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पर्मियन खोऱ्यात तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्यात ते पुष्कळदा १०० ग्रॅमच्या पुढे जातात, शिवाय त्यात बेंझीन हे विषारी रसायन आणि किरणोत्सर्गी रेडियमही असू शकते. कॅलिफोर्नियाच्या कर्न काउंटीत असे पाणी अनेक दशके बिनअस्तराच्या तळ्यांत सोडून मुरू दिले गेले आणि काही ठिकाणी ते भूजलात पसरल्याचे आढळले. एकदा मिसळलेले क्षार तेथून काढणे अतिशय कठीण असते.

जोडकाम
जाडीमुळे अस्तर टिकाऊ होते, पण गळतीचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. अखंड एचडीपीईतून पाणी जवळजवळ जातच नाही. ते जाते जोडांतून, कामाच्या वेळी पडलेल्या भोकांतून आणि नळ अस्तराला भेदतात तेथून. म्हणूनच जोड दुहेरी वेल्डिंगचा करतात आणि दोन वेल्डिंगांमधल्या पोकळीत हवा भरून दाब टिकतो का ते पाहतात. इतके करूनही कोठेतरी छिद्र राहणारच, असे धरूनच तळ्याची रचना केली जाते.

तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर मधल्या जागेत आहे. वरच्या थरातून गळलेले पाणी तेथे पसरलेल्या निचऱ्याच्या जाळीतून उताराने तळाच्या कुंडीत उतरते आणि पंपाने बाहेर काढले जाते. त्यामुळे तळ्यात चार मीटर पाणी उभे असले तरी खालच्या थरावर पाण्याचा दाब जवळपास नसतो, आणि दाबच नसल्यावर त्या थरातील एखाद्या भोकातूनही फारसे पाणी जमिनीत जात नाही. जाळी मातीने बुजली किंवा कुंडी वेळेवर उपसली नाही, तर मात्र हाच खालचा थर साध्या एकेरी अस्तरासारखा वागू लागतो. कुंडीतून किती पाणी निघाले याची रोज नोंद ठेवावी आणि त्याची क्षारता तळ्यातील पाण्याशी ताडून पाहावी, म्हणजे ती गळती आहे की बांधकामाच्या वेळी अडकलेले पावसाचे पाणी, हे कळते. माझ्या मते अशा तळ्याची सुरक्षितता अस्तराच्या प्रमाणपत्रापेक्षा या नोंदवहीवरून अधिक नेमकी समजते.

पक्षीनिरीक्षक
अस्तराने खालची वाट अडते, वरची उघडीच राहते. अमेरिकेतील तेलक्षेत्रांच्या खड्ड्यांत आणि सांडपाण्याच्या तळ्यांत दरवर्षी पाच ते दहा लाख पक्षी मरतात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला होता. तेलाचा तवंग पाण्यावरून काढून टाकणे हा पहिला उपाय आहे. पक्षी उतरू नयेत म्हणून तळ्यावर ताणायचे जाळे त्यानंतर येते, आणि सैल पडलेल्या जाळ्यात पक्षी अडकतात.

सटाणेकर
उत्तरांबद्दल मनापासून आभार. हे पाणी तळ्यात ठेवण्याऐवजी खोल विहिरीतून परत जमिनीत का सोडत नाहीत?

भूजल
बहुतांश पाणी तसेच सोडतात, परंतु त्यातून भूकंप उद्भवतात. ओक्लाहोमातील पॉनी येथे २०१६ साली झालेला ५.८ तीव्रतेचा धक्का अशाच पाण्याशी जोडला गेला. म्हणून पुढच्या विहिरीच्या फ्रॅकिंगसाठी (दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडण्यासाठी) तेच पाणी पुन्हा वापरायचे आणि तोवर तळ्यात ठेवायचे, ही पद्धत मला योग्य वाटते. मात्र ते तेथेच आटू दिले, तर क्षार आणि गाळ तळाशी साचून त्यांची विल्हेवाट लावण्याचे काम शिल्लक राहते, आणि त्याचा खर्च तळे बांधण्यापूर्वीच धरायला हवा.