आरसी (रेडिओने चालणाऱ्या मॉडेल) विमानात जीपीएस आणि अल्टिमीटर (उंचीमापक): गरज आहे का नुसती हौस?

बाल्सा_भुसा
गेले काही महिने बघतोय, नवीन आलेला माणूस अजून सरळ लँडिंग करू शकत नाही पण विमानात जीपीएस आहे, बॅरोमीटर आहे, रेडिओवर (हातातल्या रिमोटवर) टेलिमेट्री, म्हणजे विमानाने खाली पाठवलेले आकडे, बोलतेय "उंची त्रेपन्न मीटर, वेग बेचाळीस" आणि याची मान खाली, स्क्रीनकडे. विमान वर, नजर खाली. परवा एकाला विचारलं की वारा कुठून आहे तर तो रेडिओ बघायला लागला! अहो, गवत हलतंय समोर ते बघा की. हातच्या काकणाला आरसा कशाला?
माझं म्हणणं सरळ आहे. पहिलं वर्षभर विमानात रिसिव्हर, सर्व्हो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी), मोटर, बॅटरी, बास. उंचीचा आणि वेगाचा अंदाज डोळ्याला आणि कानाला आला पाहिजे. एकदा आकड्यांची सवय लागली की तो अंदाज कधीच येत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. विरोधी मतं येऊ द्यात, पण "काळाबरोबर चला" हा मुद्दा सोडून.

कोरडा_सोल्डर
असहमत, आणि काळाबिळाचं नाव न घेता सांगतो.
दीड मीटर पंखांचं विमान ४०० मीटर लांब गेलं की हात ताणून धरलेल्या पेन्सिलीच्या टोकाच्या शिशाएवढं दिसतं, अडीच मिलीमीटरच्या आसपास. ते आपल्याकडे येतंय की लांब जातंय हे त्यात कुणाला कळणार? तुमच्या अनुभवी डोळ्यांनाही नाही. माझं असंच एकदा गेलं. उन्हाच्या बाजूला गेलं, मी उजवं एलेरॉन (पंखावरची वळवायची झडप) दिलं, ते वळल्यासारखं वाटलं पण वळलं उलटं, आणि संपलं. झाडांच्या मागे.
रेडिओवर शेवटचे अक्षांश-रेखांश राहिले होते म्हणून सापडलं. दशांशानंतर पाच आकडे असले की साधारण एक मीटरचा बारकावा मिळतो, पण त्या ठिकाणी गेलो तर काहीच नाही! मग डोक्यात आलं की विमान झाडांच्या खाली गेलं की सिग्नल तुटतो, म्हणजे शेवटचा आकडा पडल्याचा नाही, पडायच्या आधीचा. शेवटच्या नोंदीत उंची १८ मीटर होती. त्याच दिशेने पुढे चालत गेलो आणि तिथून साठेक पावलांवर उभ्या पिकात शेपटी दिसली. पंख मोडला, बाकी सगळं शाबूत. डोळ्याच्या अंदाजाने मी शोधत होतो ती जागा तर भलतीकडेच होती.

शेपटी_जड
+१ कोरडा_सोल्डर. पडलेलं विमान शोधणं हे एकच कारण पुरेसं आहे.

मिलीबार
दोघांनीही एक गोष्ट धरून चाललीय की आकडे खरे असतात. ते बऱ्याचदा नसतात, आणि माझा आक्षेप तिथे आहे.
बॅरोमीटर उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतो. जमिनीजवळ १ मीटर वर गेलं की दाब साधारण १२ पास्कलने कमी होतो, त्यावरून तो उंची काढतो. आता विमान २० मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी ७२ किमीने जातंय आणि कॅनॉपीच्या (वरच्या झाकणाच्या) फटीतून समोरची हवा आत घुसतेय. त्या वेगाला त्या हवेचा दाब होतो जवळपास २४५ पास्कल. सगळा आत साठला तर २० मीटरची थाप! वेग वाढवला की उंची कमी झाल्यासारखी दाखवणार, थ्रॉटल सोडलं की वाढल्यासारखी. पूर्ण २४५ क्वचितच साठतो, पण निम्मा साठला तरी १० मीटर झाले की. वर चिपवर थेट ऊन पडलं तरी काही सेन्सर वेड्यासारखं करतात, म्हणून त्यावर काळ्या फोमचा तुकडा लावतात. किती जण लावतात?
जीपीएसची उंची तर अजून गंडलेली. उपग्रह सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही (पृथ्वी आडवी येते), त्यामुळे उभ्या दिशेची चूक आडव्या चुकीच्या दीड-दोन पट धरून चाला. उघड्या आकाशाखाली आडवं ३ ते ५ मीटर चुकतं म्हटलं तर उंचीचं गणित तुम्हीच करा. या आकड्यावर भरवसा ठेवून लँडिंगचा अप्रोच करणारे लोक मी बघितलेत.

अर्धवट_पायलट
मिलीबार यांनी वेगाचं राहू दिलं, तिथे तर मी स्वतः दगावलोय. विमान दगावलं म्हणजे, मी आहे अजून.
माझं विमान ताशी ३५ च्या खाली स्टॉल होतं (पंखांची उचल जाते आणि ते पडतं). त्या दिवशी वारा तिशीचा असेल, विमान वाऱ्याबरोबर चाललं होतं आणि रेडिओतली बाई म्हणतेय "वेग बासष्ट". मला वाटलं फारच पळतंय, बॅटरी वाचवू, थ्रॉटल कमी केलं आणि थोडं एलिव्हेटर ओढलं (नाक वर घेतलं). बासष्ट हा जमिनीवरचा वेग होता. त्यातून वाऱ्याचे तीस वजा करा, पंखांना मिळत होते फक्त बत्तीस. डावा पंख असा पडला की जणू कुणी खालून खेचला. पंखांना जमिनीशी काय देणंघेणं? त्यांना हवेचा वेग लागतो आणि तो जीपीएसला माहीतच नसतो, त्याला पिटो ट्यूब (समोरच्या हवेचा दाब मोजणारी नळी) लागते.

कोरडा_सोल्डर
@अर्धवट_पायलट ही सेन्सरची चूक नाही हो, ही वाचणाऱ्याची चूक. घड्याळात तापमान बघितलं आणि चुकलं म्हणून घड्याळ टाकून देणार का? वाऱ्याविरुद्ध एक फेरी, वाऱ्याबरोबर एक फेरी, दोन्हींची सरासरी काढा, विमानाचा हवेतला वेग बराचसा कळतो. जीपीएसनेच.

बाल्सा_भुसा
@अर्धवट_पायलट नेमकं हेच म्हणतोय मी! टेलिमेट्री नसती तर तुम्ही विमानाकडे बघितलं असतंत, नाक वर, कंट्रोल ढिले, हे दिसलं असतं. बाईने घात केला.

थर्मलवेडा
तुमचं भांडण मोटरवाल्यांचं आहे, ग्लायडरवाल्यांना विचारा. २०० मीटर वर असताना ग्लायडर थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) आहे की नाही हे डोळ्याला कळायला वेळ लागतो, व्हेरिओच्या (चढ-उतार आवाजाने सांगणाऱ्या यंत्राच्या) टूंटूं आवाजाने एक-दोन सेकंदात कळतं, आणि कानाने कळतं, मान खाली घालायची गरजच नाही. नाक ओढून वर घेतलं तरी तो वाजतो हे खरं, स्टिकने केलेला खोटा थर्मल, पण आठवडाभरात कान तयार होतो.
आता गंमत ऐका. एफ५जे (इलेक्ट्रिक ग्लायडरच्या) स्पर्धेत प्रत्येक विमानात उंची मोजणारं यंत्र सक्तीचं आहे. मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद चालवायची, त्यात (आणि बंद केल्यावरच्या १० सेकंदांत) जेवढी सर्वाधिक उंची गाठली त्याचे गुण कापतात, २०० मीटरपर्यंत मीटरमागे अर्धा आणि त्याच्यावर मीटरमागे तीन. पण उडताना तो आकडा पायलटला कळू द्यायचा नाही! व्हेरिओ पण बंद. म्हणजे यंत्र विमानात, अंदाज माणसाचा, आणि खाली आल्यावर दोघांचा हिशोब. बाल्सा_भुसा, तुम्हाला हवंय ते हेच ना?

बाल्सा_भुसा
हे आवडलं राव. लॉगर (नोंद ठेवणारं यंत्र) ठेवा, बोलती बंद करा. यावर माझी तक्रार नाही.

शेपटी_जड
मग आरटीएच (रिटर्न टू होम)? रेडिओचा सिग्नल गेला तर विमान आपोआप परत येतं, तेही नको का वर्षभर?

अर्धवट_पायलट
"आपोआप परत येतं" यावर पण माझ्याकडे किस्सा आहे, हसू नका. जीपीएसचं लॉक (उपग्रहांवरून जागा पक्की होणं) नीट मिळायच्या आधी घाई केली, पाचच उपग्रह होते, बोर्ड (विमानातला कंट्रोलर) आर्म होऊ, म्हणजे मोटर सुरू होऊ, देत नव्हता तर ती अटच सेटिंगमधून काढून टाकली (मीच). वर गेल्यावर फेलसेफ (सिग्नल गेल्यावरची सोय) तपासायला रेडिओ बंद केला. विमान छान वळलं, आलं, आणि माझ्या डोक्यावर न येता सत्तर-ऐंशी मीटर पलीकडे झाडांवर घिरट्या घालायला लागलं. त्याच्या मते तेच घर! रेडिओ चालू करून हातात घेतलं म्हणून वाचलं. आता बॅटरी लावली की निदान दोन मिनिटं थांबतो, उपग्रह दहाच्या वर आणि एचडीओपी (आडव्या अचूकतेचा आकडा, कमी तेवढा चांगला) दीडच्या खाली आल्याशिवाय फेकत नाही.

कोरडा_सोल्डर
आणि तरीही तेच तंत्र वापरून २००३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतले मॉडेल विमानवाले मेनार्ड हिल यांच्या टीमचं बाल्साचं मॉडेल न्यूफाउंडलंडहून आयर्लंडला गेलं होतं. इंधनासकट ५ किलोच्या आत, ३८ तास ५२ मिनिटं, सुमारे ३०३० किमी, मधला सगळा प्रवास जीपीएसच्या ऑटोपायलटवर. बाल्सावाल्यांनीच केलंय हे, बाल्सा_भुसा.

बाल्सा_भुसा
माहितीये. टेकऑफ आणि लँडिंग मात्र माणसाच्या हाताने झालं होतं, तेही सांगा की. आणि हिल यांनी त्याआधी कित्येक दशकं मॉडेल उडवण्यात घालवली होती, पहिल्या महिन्यात जीपीएस नव्हता लावला.

मिलीबार
हा मुद्दा मान्य. पण तुमच्या "वर्षभर काहीच नको"ला एक अडचण आहे. खूप देशांत १२० मीटरची मर्यादा आहे. नवशिक्याला १२० मीटर म्हणजे किती हे डोळ्याने कळतं का? मी स्वतः एकदा "असेल शंभर" म्हणत होतो आणि लॉगमध्ये निघाले १७०. नियम पाळायचा तर काहीतरी मोजायला पाहिजे. १०० मीटरला एकदा बीप, बाकी बडबड नाही, एवढं पहिल्या दिवसापासून असू द्या. दहा-वीस मीटर चुकलं तरी १०० आणि १२० मध्ये तेवढी जागा आहेच.

बाल्सा_भुसा
एक बीप. ठीके. वेग नाही, अंतर नाही, बाई नाही.
तो फोमचा तुकडा कसा लावतात तेवढं सांगा, माझ्या पोराच्या विमानात उतरल्यावर जमिनीवर उणे सहा मीटर दाखवतंय.

मिलीबार
चिपवरच्या बारीक भोकाला चिकटवू नका, वरून सैल ठेवा आणि कडेने टेप मारा. पण उतरून उभं असताना उणे सहा म्हणजे समोरच्या हवेचा दोष नाही, फोमने ते जाणार नाही. एकतर ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) शेजारी बसवलाय आणि तापतोय, नाहीतर त्या तासाभरात बाहेरचा दाबच वाढला असेल. १ हेक्टोपास्कल फरक पडला तरी ८ मीटर सरकतं. बॅटरी लावल्यावर लगेच शून्य करून उडवता का तेवढं बघा.

बाल्सा_भुसा
ईएससीला चिकटूनच आहे. रविवारी हलवतो.